‘सावध राहिलेलं बरं’ म्हणताना किंमत कुणी मोजली?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मोठं आहे, त्यातला गाभा इथे देते.

“आम्ही भांडुपला राहतो. गेल्या महिन्यात एका वाहिनीवर रोज संध्याकाळी मुलं पळवणाऱ्या टोळीवर कार्यक्रम चालू होता. त्याच आठवड्यात मावसबहिणीकडून एक मेसेज आला, ‘भांडी विकायच्या निमित्तानं बायका बिल्डिंगमध्ये शिरतात, मुलांना गुंगीचं औषध देऊन नेतात. आत्ताच आपल्या भागातून दोन मुलं गेली. पोलिसांनी कळवलं आहे. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’ सोबत व्हिडिओ होता. रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला मोटारसायकलवरचे दोघं उचलून नेतात. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी, वर्षानुवर्षं आमच्याकडे येणाऱ्या बोहारणीला गेटवर अडवलं. गाठोडं सोडायला लावलं, आधार कार्ड मागितलं. एकानं फोटो काढला, एकदोघांनी हातही उगारला. वॉचमन मध्ये पडला म्हणून ती सुटली. तो फोटो आता शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘हीच ती’ म्हणून फिरतोय. नंतर पोलीस ठाण्यात चौकशी केली तर आमच्या भागातून एकही मूल गेलेलं नाही. यजमान म्हणतात, ‘सावध राहिलेलं बरं. तू काय मुद्दाम केलंस? आपली सोसायटी शिकलेली आहे, कुणी मारलं तर नाही ना? आता विषय सोड.’ दहावीतला मुलगा मात्र विचारतो, ‘आई, ते खरं आहे हे तुला कसं कळलं होतं?’ मला उत्तर देता आलं नाही. टीव्ही बंद करू का? ग्रुप सोडू का? खरं-खोटं ओळखायचं तरी कसं?”

ताई, सप्रेम नमस्कार.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल नंतर बोलू. आधी तो फोटो. हे वाचून झालं की लगेच कामाला लागा, कारण तुमच्या लेखी ही घटना मागच्या महिन्यातली असली तरी त्या बाईच्या लेखी ती अजून चालू आहे. ती रोज वेगवेगळ्या वस्तीत, वेगवेगळ्या गेटवर उभी राहते. त्यातल्या कुठल्या गेटवर तो फोटो आधीच पोचलेला असेल, हे तिला माहीत नाही. तिथला वॉचमन तुमच्या वॉचमनसारखा असेलच असंही नाही.

म्हणून ज्या वाटेनं तो मेसेज गेला त्याच वाटेनं खुलासा जाऊ दे. सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिहा. आडपडदा न ठेवता, साधारण असं: ‘अमुक तारखेला मुलं पळवणाऱ्या बायकांबद्दलचा मेसेज मी इथे टाकला होता. तो खोटा आहे. पोलीस ठाण्यात चौकशी केली, आपल्या भागातून कोणतंही मूल बेपत्ता नाही. गेटवर अडवलेल्या बाई अनेक वर्षं आपल्याकडे येतात, त्यांचा यात काहीही संबंध नाही. त्यांचा फोटो ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो डिलीट करावा, आणि ज्यांना पाठवला त्यांना हा खुलासाही पाठवावा.’ खुलाशाबरोबर तिचा फोटो पुन्हा जोडू नका. ‘ही निर्दोष आहे’ असं लिहून पाठवलेला फोटोसुद्धा पुढच्या ग्रुपवर मजकूर गळून नुसता फोटो म्हणून जातो.

मग सेक्रेटरींना सांगून शेजारच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना फोन करायला लावा. ज्यानं फोटो काढला त्याच्याशी एकट्यानं बोला, ग्रुपवर त्याची शोभा करू नका. भर ग्रुपात खाली पाहायला लागलेला माणूस खुलासा पाठवत बसत नाही, तो वाद घालत बसतो. मावसबहिणीलाही फोन करा, तिच्याकडे मेसेज कुठून आला ते विचारा आणि तिलाही हाच खुलासा मागे पाठवायला सांगा. एवढं करूनही फोटो फिरत राहिला तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. लोकांत भीती पसरवणाऱ्या खोट्या माहितीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे, आणि त्यात फिरवणाराही येतो. तुम्ही स्वतःहून गेलात तर कदाचित तुम्हालाच चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, पण जा.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे येते. ‘सावध राहिलेलं बरं’ हे वाक्य घराघरांत इतकं रुळलंय की त्यात काही चूक असेल असं मनातही येत नाही. पण तुमच्याच पत्रातला हिशोब मांडून बघा. मेसेज पुढे पाठवायला तुम्हाला काय लागलं? अंगठ्याची एक हालचाल. ग्रुपमधल्या लोकांना काय लागलं? घटकाभर उभं राहणं. आणि त्या बाईला? तिची दिवसाची कमाई गेली, चारचौघांत गाठोडं उपसलं गेलं, चेहरा परक्यांच्या मोबाइलमध्ये गेला, आणि पुढच्या प्रत्येक गेटवर मनात धडकी. ज्या सावधगिरीला आपलं काहीच खर्च होत नाही, तिची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणी चुकती करत असतो. मला तुम्हाला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच. बाकी सगळं त्याच्या अनुषंगानं.

‘कुणी मारलं तर नाही ना’ याचंही उत्तर द्यायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावानं ठेचून मारली. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं होती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात आधीच फिरत होती. त्यांच्यापैकी एकजण लहान मुलीशी बोलताना दिसला, तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. त्याच दरम्यान मालेगावात याच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या कुटुंबाला पोलिसांनी कसंबसं वाचवलं. तुमचं गेट आणि राईनपाडा यांच्यात फरक होता तो एका वॉचमनचा. त्याला सोसायटीनं जाहीर धन्यवाद द्यावेत, असं मला मनापासून वाटतं.

शिकलेली सोसायटी म्हणाल, तर २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, त्यात आपली मुंबईही होती. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, बातमी घरच्या फोनवरून पळाली. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं जातं आणि ओघळून खाली जातं, हे शाळेच्या पुस्तकातलं विज्ञान रांगेतल्या कितीतरी पदवीधरांना तेव्हा आठवलं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक बाटल्या भरून ते पाणी प्यायले. मिठी नदी जिथे मिळते तिथलं पाणी. महापालिका पिऊ नका म्हणून सांगत होती आणि टीव्हीवर गर्दी दिसत होती म्हणून आणखी गर्दी होत होती. शिक्षणानं माणूस माहिती मिळवायला शिकतो. मनाला पटलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची सवय वेगळी लावावी लागते.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. फार चांगला प्रश्न विचारलाय त्यानं, आणि त्याला खरं उत्तर मिळायला हवं. तो मेसेज त्याच्यासोबत बसून पुन्हा वाचा. मजकुरात भांडी विकणाऱ्या बायका आहेत, व्हिडिओत मोटारसायकलवरचे पुरुष आहेत. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही! तुमच्या ग्रुपवरच्या इतक्या जणांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण व्हिडिओ पाहताना आपण पुरावा बघत नव्हतो, घाबरत होतो. ‘आत्ताच’ म्हणजे कधी? तारीख नाही. ‘आपला भाग’ म्हणजे कुठला? ज्याच्या हातात मेसेज पडेल त्याचा. मुलांची नावं नाहीत, वयं नाहीत, पोलीस ठाण्याचं नाव नाही. शेवटी मात्र ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ न विसरता लिहिलेलं आहे. मूल खरोखर हरवलं असतं तर मुलाचा फोटो असता, अंगातले कपडे सांगितले असते, आईबापांचा फोन नंबर असता.

त्या व्हिडिओचं तुम्ही केलेलं वर्णन २०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका क्लिपशी तंतोतंत जुळतं. ती मूळची कराचीतली जनजागृतीची जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि हातात फलक धरतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला. लोकांना सावध करण्यासाठी बनवलेल्या त्या चित्रानं आपल्या देशात निरपराधांचे जीव घ्यायला हातभार लावला.

त्या वाहिनीवरच्या कार्यक्रमाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मेसेजला जमीन तयार करून दिली ती तिनं. वाहिनी सहसा धडधडीत खोटं सांगत नाही. ती प्रश्नचिन्ह टाकते. ‘शहरात टोळी सक्रिय?’ उद्या कुणी जाब विचारला तर प्रश्नचिन्ह वाहिनीच्या मदतीला येतं, पण स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईच्या कानावर प्रश्नचिन्ह पडत नाही. तिला ‘टोळी सक्रिय’ एवढंच ऐकू येतं. आणि रोज ऐकू येतं. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटायला लागतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग करून दाखवलं. पुढे अनेकांनी तेच पाहिलं. त्यामुळे मावसबहिणीचा मेसेज आला तेव्हा तुम्हाला नवी गोष्ट कळली नाही. मनात आधीच बसलेल्या गोष्टीला दुजोरा मिळाला. शंका तिथेच विझली.

असे कार्यक्रम आकडेही दाखवतात. अमुक महिन्यांत अपहरणाचे इतके गुन्हे, लाल अक्षरांत. आकडा खरा असतो, पण १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं दिलेला आदेश त्या पडद्यावर नसतो. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झाल्याची तक्रार आली की त्याचं अपहरण झालं असावं असं धरूनच गुन्हा नोंदवायचा, असा तो आदेश आहे. चांगलाच आहे, त्यामुळे पोलिसांना पहिल्या दिवसापासून शोध घ्यावा लागतो. पण याचा अर्थ असा की परीक्षेत कमी गुण पडले म्हणून कल्याणला मामाकडे निघून गेलेला मुलगा, घरी भांडून लोकलमध्ये बसलेली मुलगी, प्रेमप्रकरणातून गेलेली सतरा वर्षांची पोर, ही सगळी कागदावर ‘अपहरण’ होतात. ती सापडली तरी महिन्याच्या आकड्यात राहतात. वाहिनीनं हे एका वाक्यात सांगितलं असतं तर तुमच्या गेटवरचा प्रसंग टळला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते वाक्य सांगणं तिचं काम होतं आणि तिनं ते केलं नाही, हे मात्र ठामपणे म्हणते. बघणाऱ्याच्या भीतीवर ज्यांचा कार्यक्रम चालतो त्यांना भीती कमी करणारी माहिती अडचणीची वाटते.

आणि या भीतीचं बोट नेहमी कुणाकडे वळतं, तेही पाहा. बोहारीण, डवरी गोसावी, फुगेवाला, भंगारवाला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दर वर्षी देतो, आणि त्यात बहुसंख्य आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर. पण शिकवणीच्या सरांची पिशवी गेटवर कुणी उपसली नाही. ती बाई तुमच्या ग्रुपवर नाही, तिथे तिची बाजू मांडणारं कुणी नाही, म्हणून तिच्यावरचा आरोप इतका सहज खपला. काही भटक्या समाजांना तर इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. तो शिक्का कायद्यातून १९५२ मध्ये पुसला, लोकांच्या नजरेतून अजून पुसलेला नाही. अशा नजरेला एक मेसेज पुरेसा होतो.

म्हणून मुलाला ‘खरं की खोटं’ एवढंच विचारायला शिकवू नका. ‘हे खोटं निघालं तर कुणाला भोगावं लागेल, आणि त्या माणसाला इथे बोलायची सोय आहे का?’ हेही विचारायला शिकवा. खरं-खोटं प्रत्येक वेळी दहा मिनिटांत कळत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर मेसेज वाचता वाचता कळतं. आणि उत्तर ‘आपल्याला सोडून दुसऱ्या कुणाला’ असं आलं, की पाठवायच्या आधी थांबणं आपोआप होतं.

थांबल्यावर तपासायची साधनंही हाताशी आहेत. मेसेजवर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर तो तुम्हाला पाठवणाऱ्या माणसानं लिहिलेला नाही, एवढं नक्की. राईनपाड्यासारख्या घटनांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. कंपनीलाही कळलं की थोडा अडथळा घातला तरी अफवेचा वेग मंदावतो. फोटो किंवा व्हिडिओतलं दृश्य गूगल लेन्सवर टाकून आधी कुठे आलंय ते मुलाला शोधू द्या, ते त्याला आपल्यापेक्षा लवकर जमेल. मुंबईतलं ‘बूम’ आहे, ‘ऑल्ट न्यूज’ आहे, ही अफवा तपासणारी संकेतस्थळं, तिथे जुन्या अफवांचा समाचार घेतलेला सापडतो. आणि पोलिसांचं नाव घेऊन काही आलं तर पोलीस ठाण्यात फोन करा. तुम्ही केलातच की. तो आदल्या दिवशी करायचा, एवढंच.

मूल खरंच संकटात दिसलं तर १०९८ वर फोन करायचा, हेही ग्रुपवर लिहून ठेवा. ही चाइल्डलाइन १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली. भीतीला करण्यासारखं काही खरं काम मिळालं की ती गेटवर हात उगारत नाही.

टीव्ही बंद करू का, असं विचारलंत. तो कार्यक्रम जरूर बंद करा. पण ‘सगळेच विकले गेलेत, कुणावरच विश्वास नको’ या टोकाला जाऊ नका. मला ही वृत्ती अफवेइतकीच घातक वाटते, कारण कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस शेवटी आपल्याला आवडेल तेच खरं मानतो. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. तिथेही चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. पुढच्या काही दिवसांत त्या हत्येला धार्मिक रंग देणारी दुसरी अफवा देशभर पसरली, स्टुडिओत बसून ती मोठी केली गेली. त्या अफवेला उत्तर म्हणून राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. पण तिथे प्रत्यक्ष जाऊन, गावात आधी काय फिरत होतं ते नोंदवणारे बातमीदारही होते, आणि आज आपल्याला खरं काय ते माहीत आहे ते त्यांच्यामुळे. बातमी वाचताना एवढं बघा की लिहिणारा तिथे गेला होता का, कुणाशी बोलला ते सांगतो का, ज्याच्यावर आरोप आहे त्याची बाजू विचारली का. असं काम करणारी एकदोन वर्तमानपत्रं किंवा वार्ताहर निवडा, आणि सकाळी शांतपणे वाचा.

त्या बाईंना भेटायला जा. दिवसाची कमाई बुडाली ती भरून द्या, पण पैसे देऊन मोकळ्या होऊ नका. तोंडानं सांगा की मेसेज मी पाठवला होता. त्या रागावल्या, बोलल्या, तर ऐकून घ्या. पुन्हा सोसायटीत येणं त्यांना नको असेल तर आग्रह करू नका. यायचं असेल तर सेक्रेटरींकडून गेटवर तसं सांगून ठेवा, म्हणजे दर खेपेला त्यांना आपली ओळख पटवत बसायला नको. मुलाला बरोबर न्यायचं की नाही ते त्यालाच विचारा.

यजमानांशी भांडू नका. ते तुम्हाला पाठीशी घालताहेत, अपराधी वाटू नये म्हणून बोलताहेत, हे मला पत्रातून दिसतं. वर मांडलेला हिशोब त्यांना वाचून दाखवा. बहुतेक पटेल.

आणि ग्रुप सोडू नका. तुम्ही गेलात तर पुढचा मेसेज येईल तेव्हा तिथे कोण असेल? पहिल्या पाच-दहा मिनिटांत कुणीतरी ‘हे कुठून कळलं? पोलिसांना विचारलं का?’ एवढं लिहिलं तरी बाकीचे थबकतात. उशिरा लिहिलेल्याचा फारसा उपयोग होत नाही, तोवर गेटवर माणसं जमलेली असतात. तुमच्या सोसायटीत हे लिहायला आज तुमच्याइतकं योग्य कुणी नाही.

फोटो सगळीकडून निघाला का, ते मला कळवा. शेजारच्या सोसायट्या दाद देत नसतील आणि पोलीस ठाण्यात अर्ज द्यायची वेळ आली, तर मसुदा पाठवा, मी बघून देईन.